सूत-वर्गणीचा खटला

सोलापुरात नगरपालिकेची निवडणूक लागली त्या वर्षी मी एका साप्ताहिकात नोकरीला होतो. त्याआधी दोन वर्षं शाळेत शिकवलं होतं, म्हणून छापखान्यात सगळे मला मास्तर म्हणत. साप्ताहिक आणि छापखाना दोन्ही एका वकिलांच्या मालकीचे. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. साहेबांचे मेहुणे सुताचे मोठे व्यापारी. पूर्व भागातल्या, घरोघरी माग असलेल्या वॉर्डातून ते उभे राहिले, आणि त्या दिवसापासून आमचं साप्ताहिक त्यांचं झालं. मला कुणी तसं बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

दर शनिवारी दुसऱ्या पानावर माझं टिपण यायचं. खाली सही असायची, 'एक करदाता'. खरं म्हणजे मी कसलाच कर भरत नव्हतो. भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहायचो, घरपट्टी घरमालक भरायचा, आणि त्यामुळे मला मतही नव्हतं. पण ती सही केली की अंगात काहीतरी संचारायचं. मला बसून लिहिता यायचं नाही. खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानं लिहायचो, दोन ओळी झाल्या की खोलीत फेऱ्या मारायचो, परत येऊन एक शब्द खोडायचो. शनिवारी सकाळी चौकातल्या हॉटेलात चहा घेत उभा राहायचो. तिथं कुणीतरी माझं टिपण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे हसायचे. ते हसणं ऐकायची मला चटक लागली होती. मीच तो लिहिणारा, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं, आणि घरीसुद्धा मी सांगितलं नव्हतं.

मेहुण्यांच्या विरुद्ध एक विणकर उभा होता. चाळिशीचा, उंच, मागावर बसून बसून खांद्यात थोडा वाकलेला. मूळची मंडळी तेलंगणातली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वॉर्डातले लोक त्याला अण्णा म्हणत. त्याच्याकडे प्रचाराला पैसा नव्हता. मेहुण्यांचं तसं नव्हतं. त्यांच्या दिवाणखान्यात पेठेतले सूतवाले एकेक करून यायचे, चहा घ्यायचे, काही न बोलता जायचे, आणि पंधरा दिवसांत कर्णा लावलेले दोन टांगे वॉर्डातून फिरायला लागले. हे मी स्वतः पाहिलं होतं, चहाही प्यालो होतो. त्यावर मी एक ओळ लिहिली नाही.

अण्णानं दुसरीच वाट काढली. रोख देता येत नसेल त्यानं सुताची एक लडी द्यावी, असं त्यानं वॉर्डात सांगितलं. त्याची माणसं झोळी घेऊन घरोघरी फिरायची. जमलेल्या सुताचे पंचे विणायचे, लाल काठाचे, आणि ते बाजारात विकून हस्तपत्रकं छापायची. महिन्याभरात पूर्व भागात ज्याच्या त्याच्या खांद्यावर लाल काठाचा पंचा दिसू लागला. मेहुणे अस्वस्थ झाले. साहेबांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "मास्तर, हे तुम्ही पाहिलंत की नाही?"

मी लिहिलं. अजून ते टिपण मला जवळजवळ पाठ आहे. 'सरकारचा सारा आहे, पालिकेची पट्टी आहे, आता त्यात अण्णांच्या सूत-कराची भर पडली आहे. पहिले दोन न भरल्यास नोटीस येते. तिसरा न भरल्यास काय येते, ते पूर्व भागातील कोणत्याही घरी जाऊन विचारावे.' मी स्वतः कुठल्याच घरी जाऊन विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात देवळापुढच्या मैदानात अण्णाची सभा झाली. उन्हं उतरली होती. मी मागच्या बाजूला उभा राहिलो. बरोबर आमच्या छापखान्यात छपाईचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवणारे म्हातारबा होते. ते आधी विणकर होते, डोळ्यांनी मागाचं काम होईना म्हणून छापखान्यात आले, आणि गंमत अशी की बारीक खिळे त्यांना हातानंच कळायचे. अण्णा तेलुगूत बोलत होता. मला तेलुगू येत नव्हतं. मधेच त्यानं हात वर करून एक वाक्य टाकलं आणि सगळं मैदान हसलं. मी म्हातारबांना विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हनतोय, जो लडी देनार न्हाय त्येचा हात तोडायचा का? न्हाय. त्येच्या घरी जायाचं, माग का बंद हाय त्ये बघायचं. आजारी आसंल तर दोन दिस त्येचा माग आपुन चालवायचा."

मी वहीत टिपून घेतलं. घरी येऊन लिहिलं तेव्हाही पूर्ण लिहिलं. गुरुवारी दुपारी प्रूफ हातात आलं. ते वाक्य वाचलं आणि मला ते मिळमिळीत वाटलं. माझं सगळं टिपण चढत चढत त्या वाक्यापाशी येत होतं आणि तिथं 'का? नाही.' म्हणून बसकण मारत होतं. आजारी माणसाचा माग चालवायची गोष्ट तर त्यात अगदीच नको होती. मी लाल पेन्सिलीनं 'तोडायचा' या शब्दापुढचं सगळं छाटलं.

म्हातारबा प्रूफ घेऊन परत माझ्याकडे आले. "मास्तर, ह्ये म्होरलं काडायचं?"

"काढा. जागा नाही."

"जागा हाय की. वळीत बसतंय सगळं."

"काढा म्हटलं ना."

ते गेले. खिळे उचलल्याचा आवाज मी ऐकला. शनिवारी वाक्य छापून आलं, 'सभेत उमेदवार म्हणाले, जो लडी देणार नाही त्याचा हात तोडायचा.' हॉटेलात त्या दिवशी कुणी हसलं नाही. वाचणाऱ्यानं ते वाक्य दोनदा वाचलं. माझा चहा तसाच राहिला, पण मनातून मी खूश होतो, हे कबूल केलं पाहिजे.

मंगळवारी अण्णाला फौजदारानं नेलं. वॉर्डातल्या एका विणकरानं तक्रार दिली होती, की मला धमकावून माझ्याकडून लडी घेतली. हा विणकर मेहुण्यांच्या दुकानातून उधारीवर सूत न्यायचा. तक्रारीला आमच्या अंकाचं कात्रण जोडलेलं होतं. साहेब कोर्टातून आले ते हसतच. "मास्तर, तुमची लेखणी कोर्टात पोचली," ते म्हणाले. छापखान्यातल्या दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारबांनी मान वर केली नाही.

तीन दिवसांनी अण्णाला जामीन मिळाला, पण खटला संपेपर्यंत सभा घ्यायची नाही आणि वर्गणी जमवायची नाही, या अटीवर. मतदानाला तेव्हा तीन आठवडे उरले होते. माझं जाणं-येणं पूर्व भागातूनच असायचं. चारच दिवसांत रस्ता बदलला. खांद्यावरचे पंचे गेले. दोऱ्यांवर वाळत घातलेलेसुद्धा गेले. लडी दिली म्हणून आपल्यालाही चौकीवर बोलावतील, असं बायकांना वाटत होतं. एका दारात मी एका म्हातारीला पंच्याचा लाल काठ उसवताना पाहिलं. काठ काढून ती नुसतं पांढरं कापड पेटीत ठेवणार होती.

त्या आठवड्यात मला झोप नव्हती असं नाही, झोप यायची. पण जागेपणी मी कुठं टेकू शकत नव्हतो. ऑफिसातून उठायचो, किल्ल्याच्या खंदकाकडून तळ्यापर्यंत चालत जायचो, पाण्याकडे न बघताच परतायचो. घरी जेवताना पाय हलत राहायचे. बायको बार्शीची, धान्याच्या पेठेत वाढलेली. कुणाच्या बोलण्यात किती खडे आहेत ते तिला पहिल्या मुठीत कळायचं. एक दिवस तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"नळावर बायका माझ्याशी बोलेनात," ती म्हणाली. "माझी घागर भरायची वेळ आली की सगळ्या गप्प होतात. आज शेजारच्या वहिनींनी सांगितलं. ते करदाता तुम्ही आहात म्हणे."

मी ताट थोडं पुढं सरकवलं.

"आहात का?"

"हो."

"मला सांगितलं नाहीत."

"लेखाखाली खरं नाव नसतं. तशी पद्धत असते."

"पेपरात असते. घरात असते का?" तिनं माझ्या भांड्यात पाणी ओतलं. मग म्हणाली, "ते हात तोडायचं वाक्य तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"मला तेलुगू येत नाही."

"मग?"

मी तिला सगळं सांगितलं. प्रूफ, लाल पेन्सिल, म्हातारबा. ती ऐकत होती. रागावली नाही. मला वाटतं तिनं रागवावं अशी माझी इच्छा होती. ती उठली, माझं ताट अजून तसंच होतं, त्यावर पालथं ताट झाकलं आणि म्हणाली, "मग ते सांगून टाकायला पाहिजे ना कुणालातरी. मला सांगून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी मी म्हातारबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ते एका लग्नपत्रिकेचे खिळे जुळवत होते.

"म्हातारबा, तुम्ही त्या दिवशी मला अडवलं का नाहीत?"

"इचारलं की दोनदा."

"तेवढ्यानं काय होतं?"

"मास्तर, तुमी काट मारली, मी काडलं. माजं काम तेवडंच हाय. साहेबाचं मीठ तुमी खाताय, मी बी खातोय." त्यांचे हात चालूच होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आन एक सांगू? तुमचं समदंच खोटं न्हवतं. एका घरात अण्णाच्या पोरांनी अरेरावी केली व्हती. बाई एकलीच व्हती घरात, न्हाय म्हनली तर दारात बसून ऱ्हायले. अण्णाला कळलं तसं त्यो सोता लडी परत द्यायला गेला. मला ठाव हाय, माज्या भैनीचं घर त्ये."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच सैरभैर झालो. खरी गोष्ट माझ्या हाताशी होती, विचारली असती तर मिळाली असती, आणि ती लिहिली असती तर अण्णाला उत्तर द्यावं लागलं असतं. ती टाकून मी एक बनवलेलं वाक्य घेतलं होतं, कारण ते ऐकायला बरं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी मी अण्णाच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून माग बसवलेला होता आणि खड्ड्यात पाय सोडून अण्णा विणत होता. धोटा इकडून तिकडे जात होता. मी दारात उभा राहून सांगितलं, मी कोण आहे ते.

त्यानं धोटा थांबवला. "करदाता," तो म्हणाला.

"मला तुमच्याशी बोलायचंय. त्या वाक्याबद्दल."

"तुमाला समन्स आलंय का?"

"अजून नाही."

"येनार. माजा वकील म्हनला, येनार. मग तुमी हितं आला ह्ये कुनी बघितलं तर उद्या म्हनतील, अण्णानं साक्षीदार फोडला. आनखी एक कलम लावतील." त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "तुमी जावा मास्तर."

"मला एवढंच सांगायचं होतं की मी…"

"मला न्हाय सांगायचं. मी ऐकलं तर माजंच नुकसान हाय." तो परत विणायला लागला. मी तरी उभाच होतो, तेव्हा मागाकडे बघतच त्यानं विचारलं, "एकच सांगा. मी धमकावून लडी घेतो, आसं तुमाला खरंच वाटलं व्हतं?"

"नाही."

"मग लिवलं कशाला?"

"निवडणूक होती," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, जणू उत्तर पटलं होतं. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मला पाणी विचारलं नाही.

समन्स आलं. सरकारी बाजूचा साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. साहेबांनी मला आपल्या खोलीत बसवलं आणि वकील अशिलाला समजावतो तसं समजावलं. "ते कात्रण दाखवतील. हे तुम्ही लिहिलंत का विचारतील. हो म्हणायचं. सभेत हे बोलला का विचारतील. हो म्हणायचं. पुढं एक अक्षर बोलायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे."

"साहेब, वाक्य अपुरं आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "कुठलं वाक्य पुरं असतं, मास्तर? तो तासभर बोलला. तासभराचं सगळं छापायचं होतं का? निवडून छापायचं, यालाच संपादन म्हणतात."

आजही ते बोलणं मला पूर्ण खोडून काढता येत नाही.

तारखेच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. बाहेर झाडाखाली विणकरांच्या बायका बसल्या होत्या. माझी बायकोही आली होती, त्यांच्यापासून चार हात अंतरावर एकटी उभी. मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी कात्रण पुढं केलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"हे वाक्य आरोपीच्या तोंडचं आहे?"

"अर्धं आहे."

त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"पुढं 'का? नाही.' असं होतं. आणि मग आजारी माणसाचा माग आपण चालवू, असं होतं. लेखात मी ते लिहिलं होतं. प्रूफावर मीच छाटलं."

पाठीमागे कुजबुज झाली. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार उलटला आहे. तेवढ्यात अण्णाचे वकील उठले. मला वाटलं, आता हे मला धीर देतील. त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं, "आरोपी कुठल्या भाषेत बोलत होता?"

"तेलुगूत."

"तुम्हाला तेलुगू येतं?"

"नाही."

"मग तो काय बोलला हे तुम्हाला कसं कळलं?"

"शेजारी उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं."

"म्हणजे तुम्ही स्वतः काहीच ऐकलं नाही."

"आवाज ऐकला," मी म्हणालो. लोक हसले.

मॅजिस्ट्रेटांनी हात वर केला. ते वयस्क होते, मराठी बोलणारे, कंटाळलेले. "म्हणजे यांनी छापलं तेही ऐकीव, आणि आत्ता सांगतात तेही ऐकीव. हे कात्रण मी पुराव्यात धरत नाही. यांची साक्षही धरत नाही." मग लेखणी खाली ठेवून माझ्याकडे वळले. "हे मी लिहून घेत नाही, पण मला जाणून घ्यायचंय. ते शब्द काढलेत कशासाठी?"

"ते ठेवले असते तर आमच्या बाजूचं नुकसान झालं असतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आणि आज सांगितलंत ते कशासाठी?"

मी खूप दिवस चालता चालता या प्रश्नाची तयारी केली होती. "मला बसवत नाही," एवढंच तोंडून आलं. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी मला खाली उतरायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. ती मतदानानंतरची होती. अण्णावरची बंदी तशीच राहिली.

साहेब रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उरलेला पगार दिला आणि म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका. तुम्हाला वाटतंय, तुम्ही खरं बोललात. मला वाटतं, तुम्ही बाजू बदललीत. बघा, आठ दिवसांत कळेल."

आठ दिवसही लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी अण्णाच्या बाजूचे चार तरुण विणकर माझ्या खोलीवर आले. बायकोनं चहा केला. ते म्हणाले, "मास्तर, आता आमच्यासाटी लिवा. पत्रक काडू. सूतवाले दर आठवड्याला इनकराच्या मजुरीतनं कापून घेतात आन त्ये साहेबाच्या मेव्हण्याच्या निवडणुकीत घालतात. ह्ये लिवा. तुमच्यासारकं कुनाला जमत न्हाय."

ते गेले आणि मी खिडकीच्या फळीशी जाऊन उभा राहिलो. लेखणी सरसर चालायला लागली. 'ज्यांच्या दिवाणखान्यात चहा गोड लागतो, त्यांनी साखर कुणाच्या घरातून आली ते विचारावे.' हे वाक्य उतरलं तेव्हा मला तोच जुना आनंद झाला, तसाच, अंगभर. मी थांबलो. मेहुण्यांचा चहा मी प्यालो होतो, सूतवाले येताना पाहिले होते. पण मजुरीतून कापून घेतात, हे मी पाहिलं नव्हतं. ते मला चौघांनी सांगितलं होतं, आणि चौघंही एकाच बाजूचे होते.

म्हणून मी विचारत फिरलो. म्हातारबा छापखाना सुटल्यावर बरोबर यायचे, बोलणं मराठीत करून सांगायचे. काही घरं दार लावून घ्यायची. एक जण म्हणाला, व्हय, कापलं, निवडणुकीसाटी म्हनूनच कापलं. दुसरा म्हणाला, कापलं, पर कापड खराब झालं म्हनून, त्ये दर साली कापतात. तिसऱ्यानं सांगितलं, मी आपखुशीनं दिलं, सूतवाला अडीनडीला उभा ऱ्हातो. तिसऱ्याच्या बायकोनं आतून काहीतरी तेलुगूत म्हटलं. म्हातारबांना मी विचारलं, ती काय म्हणाली. ते म्हणाले, "ती म्हनती, खोटं बोलतोय. पर ती तुमाला म्हनाली न्हाय, त्याला म्हनाली."

ते चौघं रोज येऊन विचारायचे, झालं का. मी म्हणायचो, अजून दोन घरं. शेवटी त्यातला एक वैतागून म्हणाला, "मास्तर, त्यांच्यासाटी तुमी एका दिसात लिवत व्हता. आमच्यासाटी धा दिस लागतात व्हय?" त्याच्या या बोलण्यात चूक काहीच नव्हतं. माझं पत्रक मतदानाच्या आदल्या दिवशी पूर्ण झालं. कोणी काय सांगितलं ते त्यात जसंच्या तसं होतं, कुणी नाही म्हणालं तेही होतं. ते छापलं गेलं नाही. छापायला वेळ नव्हता, आणि वाचून त्यांना ते आवडलंही नाही.

अण्णा थोडक्या मतांनी पडला. साहेबांचे मेहुणे निवडून आले, पेठेतून मिरवणूक निघाली. मी त्या दिवशी घरातून बाहेर पडलो नाही, पण वाजंत्री ऐकू येत होती. बायकोला म्हणालो, "मी ते पत्रक आठ दिवस आधी दिलं असतं, थोडं धारदार करून, तर तो निवडून आला असता."

"कदाचित," ती म्हणाली. माझं समाधान करायला ती कधी खोटं बोलायची नाही.

दोन-तीन महिन्यांनी खटला संपला. तक्रार देणाऱ्या विणकरानं उलटतपासणीत सांगितलं, कागद दुकानातल्या मुनिमानं लिहिला, मी फक्त अंगठा उठवला, त्यात काय लिहिलंय ते मला वाचून दाखवलं नाही. अण्णा सुटला. साप्ताहिकात ती बातमी चौथ्या पानावर खालच्या कोपऱ्यात आली. ती जुळवणारे म्हातारबाच होते. त्यांनी मला नंतर सांगितलं, साहेबांनी तीन ओळी दिल्या होत्या, त्यातली एकही काढायला सांगितली नाही.

मला पुन्हा शाळेत नोकरी मिळाली, पूर्व भागातल्या. पहिलं वर्ष कठीण गेलं. तिथल्या पालकांपैकी निम्मे माझ्याशी बोलायचे नाहीत. बायकोची नळावरची शांतता मात्र आधी संपली. ती स्वतःच एका विणकरणीकडे जाऊन तिच्याकडून थोडं थोडं तेलुगू शिकू लागली होती. घरात मला ऐकवायची, मी चुकीचे उच्चार करायचो, ती हसायची.

दुसऱ्या वर्षी शाळा सुटताना अण्णा फाटकाशी उभा दिसला. त्याच्याबरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या, हातात पाटी. कोर्टानंतर आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. माझे पाय जागच्या जागी हलायला लागले. मी मनात वाक्यं जुळवत होतो. तो म्हणाला, "मास्तर, हिला तुमच्या वर्गात घातलीय. घरात समदं तेलुगूच की. हिचं मराठी लई कच्चं हाय. जरा ध्यान द्या."

"देतो," मी म्हणालो.

तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं तिला नमस्कार करायला लावला आणि दोघं मागांच्या गल्लीकडे निघाले. मुलगी चालताना रस्त्यावरची एकेक पाटी मोठ्यानं वाचत होती, चुकत होती, आणि तो तिला पुन्हा वाचायला लावत होता.